सूक्ष्मदर्शकाखालची स्ट्रॉबेरी आणि सांगलीची हळद

पेशींमध्ये दिवे लावणाऱ्या प्रथिनांपैकी सर्वांत तेजस्वी कोणते, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. मात्र तेजस्वितेचा एकच आकडा पाहून केलेली निवड संशोधकाला फसवू शकते. हळदीवर काम करणाऱ्याला तर त्याहूनही अधिक.

सातारा/सांगली - महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये. तासगावची द्राक्षे तर देशाबाहेरही परिचित आहेत. या तिन्ही पिकांचा जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील अंधाऱ्या खोलीशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु तसा संबंध आहे. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये चमकणाऱ्या प्रथिनांची एक मालिका तयार केली आणि त्यांना फळांची नावे दिली. एमचेरी, एमऑरेंज, एमस्ट्रॉबेरी, एमप्लम अशी ही नावे असून द्राक्षावरून एमग्रेप हे नावही त्यात आले. हळदीचे नाव मात्र कोणत्याही प्रथिनाला मिळाले नाही. तिला त्याची गरजही नाही, कारण हळद स्वतःच चमकते. तिची हीच चमक अनेक प्रयोगांत गोंधळ घालते.

निळा घ्यावा, हिरवा द्यावा

दुकानात नोटा तपासण्यासाठी वापरला जाणारा जांभळा दिवा अनेकांनी पाहिला असेल. चिमूटभर हळद अल्कोहोलमध्ये विरघळवून ती बाटली अंधारात या दिव्याखाली धरली, तर द्रव पिवळसर हिरव्या रंगाने उजळतो. दिवा दूर केला की ही चमक तत्क्षणी नाहीशी होते. या गुणधर्माला प्रतिदीप्ती किंवा फ्लुरोसन्स म्हणतात. एखादा रेणू अधिक ऊर्जेचा, म्हणजे आखूड तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, त्यातील थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावतो आणि उरलेली ऊर्जा अधिक लांब तरंगलांबीच्या प्रकाशात परत देतो. म्हणूनच घेतलेला रंग वेगळा असतो आणि दिलेला वेगळा.

रुग्णालयांतही हे तत्त्व वापरले जाते. क्षयाचे जंतू शोधण्यासाठी थुंकीच्या नमुन्यावर ऑरामाइन नावाचे रंगद्रव्य लावतात. निळ्या प्रकाशात जंतू काळ्या पार्श्वभूमीवर पिवळसर हिरवे दिसतात. एलईडी दिव्यावर चालणाऱ्या अशा सूक्ष्मदर्शकांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये केली. तथापि, हे रंगद्रव्य बाहेरून लावावे लागते आणि त्याआधी नमुना काचेवर पक्का करावा लागतो. जिवंत पेशीत एखादे प्रथिन कोठून निघाले, कोठे पोहोचले आणि केव्हा नष्ट झाले, हे पाहायचे असेल तर दिवा पेशीने स्वतःच तयार करायला हवा. प्रतिदीप्त प्रथिनांचे महत्त्व नेमके येथे आहे.

जेलीफिशपासून नोबेलपर्यंत

या प्रथिनांचा इतिहास समुद्रात सुरू होतो. ओसामू शिमोमुरा यांनी १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील फ्रायडे हार्बर येथे एक्वोरिया व्हिक्टोरिया जातीच्या सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा केल्या. त्यांच्यापासून त्यांनी निळा प्रकाश देणारे प्रथिन वेगळे केले. त्याच्या सोबतीला असलेल्या एका हिरव्या प्रथिनाची नोंद १९६२ च्या त्यांच्या निबंधात आढळते. हेच पुढे 'ग्रीन फ्लुरोसंट प्रोटीन' अर्थात जीएफपी म्हणून ओळखले जाऊ लागले.

डग्लस प्रॅशर यांनी या प्रथिनाच्या जनुकाचा शोध लावून १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढील कामासाठी त्यांना निधी मिळाला नाही. त्यांनी जनुकाचे नमुने मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना पाठवून दिले. चाल्फी यांनी १९९४ मध्ये हे जनुक जीवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीच्या चेतापेशींत घालून त्या उजळून दाखविल्या. त्सिएन यांनी प्रथिनात बदल करून रंगांची पेटीच तयार केली. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा प्रॅशर अमेरिकेतील हंट्सव्हिल येथे एका मोटारविक्री केंद्राची ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. पुढे काही वर्षे त्यांना त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत काम मिळाले.

जीएफपी २३८ ॲमिनो आम्लांचे बनलेले आहे. अकरा पट्ट्या गोलाकार उभ्या करून केलेल्या पिंपासारखा त्याचा आकार असतो. पिंपाच्या मध्यभागी ६५, ६६ आणि ६७ या क्रमांकांची तीन ॲमिनो आम्ले एकमेकांशी जोडली जाऊन प्रकाश देणारा गाभा तयार होतो. या क्रियेला प्राणवायू लागतो, मात्र बाहेरचे दुसरे कोणतेही द्रव्य लागत नाही. त्यामुळेच केवळ जनुक घातले की जीवाणूपासून उंदरापर्यंत कोणतीही पेशी हा दिवा लावू शकते. गाभ्यात अथवा त्याच्या आसपास एखादे ॲमिनो आम्ल बदलले की रंग, झळाळी आणि टिकाऊपणाही बदलतो.

तेजस्विता म्हणजे काय?

दोन प्रथिनांची तुलना करताना प्रथम त्यांची शोषणाची आणि उत्सर्जनाची तरंगलांबी पाहतात. मूळ जीएफपी मुख्यतः ३९५ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील सीमेवरचा प्रकाश शोषत असे. असा प्रकाश जिवंत पेशींना अपायकारक असतो. सुधारित ईजीएफपी ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश घेते आणि ५०७ नॅनोमीटरचा हिरवा देते. एमचेरी ५८७ ला घेते आणि ६१० ला तांबडा देते.

त्यानंतर येते तेजस्विता. ती दोन गोष्टींचा गुणाकार असते. पहिली गोष्ट म्हणजे रेणू प्रकाश किती जोमाने शोषतो. याला मोलर शोषणांक म्हणतात. दुसरी म्हणजे शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती परत मिळतात. याला क्वांटम उत्पादन म्हणतात. विहिरीवरच्या रहाटाचे उदाहरण घ्यायचे तर पोहरा किती मोठा आहे हा शोषणांक आणि वर येईपर्यंत त्यात किती पाणी उरते हे क्वांटम उत्पादन. ईजीएफपीचा शोषणांक सुमारे ५६ हजार आणि क्वांटम उत्पादन ०.६० आहे. गुणाकाराला हजाराने भागले की ३४ हा आकडा येतो. एमचेरीचा पोहरा मोठा, सुमारे ७२ हजारांचा, पण गळका आहे. तिचे क्वांटम उत्पादन अवघे ०.२२ असल्याने तेजस्विता १६ वरच थांबते.

काही परिचित प्रथिनांची तुलना एका दृष्टिक्षेपात अशी (शोषण व उत्सर्जन नॅनोमीटरमध्ये) :

- एमटर्क्वाइज-२ (निळसर) : शोषण ४३४, उत्सर्जन ४७४, तेजस्विता २८
- ईजीएफपी (हिरवे) : शोषण ४८८, उत्सर्जन ५०७, तेजस्विता ३४
- स्टेगोल्ड (हिरवे) : शोषण ४९६, उत्सर्जन ५०५, तेजस्विता सुमारे १४८
- एमनिऑनग्रीन (हिरवे) : शोषण ५०६, उत्सर्जन ५१७, तेजस्विता ९३
- व्हीनस (पिवळे) : शोषण ५१५, उत्सर्जन ५२८, तेजस्विता ५३
- टीडीटोमॅटो (नारिंगी) : शोषण ५५४, उत्सर्जन ५८१, तेजस्विता ९५
- एमस्कार्लेट (तांबडे) : शोषण ५६९, उत्सर्जन ५९४, तेजस्विता ७०
- एमस्ट्रॉबेरी (तांबडे) : शोषण ५७४, उत्सर्जन ५९६, तेजस्विता २६
- एमचेरी (तांबडे) : शोषण ५८७, उत्सर्जन ६१०, तेजस्विता १६

स्ट्रॉबेरी लवकर नासते!

या यादीवरून एमस्ट्रॉबेरी एमचेरीपेक्षा सरस ठरेल. प्रत्यक्षात प्रयोगशाळांत एमचेरीचाच वापर कितीतरी अधिक झाला. याचे एक प्रमुख कारण म्हणजे टिकाऊपणा. प्रकाशाचा मारा सतत होत राहिला की प्रथिन फिके पडते आणि अखेर विझते. त्सिएन यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत सर्व प्रथिनांना सारख्याच आरंभीच्या झळाळीवर आणून ती निम्मी होण्यास लागणारा वेळ मोजला होता. ईजीएफपीला १७४ सेकंद लागले, एमचेरीला ९६ आणि एमस्ट्रॉबेरीला केवळ १५. पिवळे व्हीनसही १५ सेकंदांतच निम्मे झाले, तर तेजस्वितेत ४९ गुण मिळविणारे एमऑरेंज अवघ्या ९ सेकंदांत! मंडईतल्या स्ट्रॉबेरीप्रमाणे प्रयोगशाळेतली स्ट्रॉबेरीही नाशवंत निघाली.

एकच छायाचित्र घ्यायचे असेल तर ही उणीव चालून जाते. परंतु पेशीच्या विभाजनाचे तासभर चित्रीकरण करायचे असेल, तर सुरुवातीला मंद पण शेवटपर्यंत टिकणारे प्रथिनच उपयोगी पडते. जपानमधील अत्सुशी मियावाकी यांच्या गटाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या स्टेगोल्डचे कौतुक झाले ते यामुळेच. तेजस्विता आणि टिकाऊपणा हे दोन्ही गुण त्यात एकत्र आले आहेत. तरीही त्याचे मूळ रूप जोडीने राहणारे होते आणि एकेकटे राहणारे प्रकार त्यानंतर तयार करावे लागले.

ही जोडीने राहण्याची सवय हा तुलनेचा पुढचा निकष होय. प्रवाळवर्गीय जीवापासून १९९९ मध्ये मिळालेले डीएसरेड हे पहिले लोकप्रिय तांबडे प्रथिन चौघांच्या टोळीने राहत असे. ज्या प्रथिनाला ते शेपटीसारखे जोडावे, त्यालाही ते आपल्याबरोबर ओढून भलत्याच ठिकाणी गोळा करी. शिवाय ते पूर्ण पक्व होण्यास कित्येक तास लागत. एमचेरी एकटी राहते आणि सुमारे पाव तासात पक्व होते. तिच्या नावातील 'एम' हे अक्षर या एकटेपणाचेच निदर्शक आहे. टीडीटोमॅटो अत्यंत तेजस्वी खरे, पण ते दोन प्रथिने एकापुढे एक जोडून बनविलेले असल्याने आकाराने दुप्पट आहे.

सामू बदलला की दिवा मंदावतो

जमिनीचा सामू तपासून खत देणाऱ्या शेतकऱ्याला हा निकष चटकन समजेल. प्रतिदीप्त प्रथिनांची झळाळीही सामूवर अवलंबून असते. ईजीएफपीची झळाळी सामू ६ च्या आसपास निम्मी होते. आरंभीचे पिवळे प्रथिन ईवायएफपी तर ६.९ लाच निम्मे विझते. एमचेरी मात्र ४.५ पर्यंत तग धरते. पेशीतील कचरा पचविणाऱ्या लायसोसोम नावाच्या पिशव्यांत सामू ४.५ ते ५ इतका आम्लधर्मी असतो. तेथे गेलेले हिरवे प्रथिन विझू लागते आणि तांबडे तेवत राहते.

संशोधकांनी या उणिवेचेच साधन केले. एकाच रेणूला हिरवे आणि तांबडे अशी दोन्ही प्रथिने जोडायची. पिशवी आम्लधर्मी होण्यापूर्वी ती दोन्ही रंगांत दिसते. कचरा पचविण्याचे काम सुरू झाले की हिरवा मावळतो आणि तांबडा उरतो. पेशी स्वतःचीच जुनी सामग्री मोडून वापरते, त्या 'ऑटोफॅजी' नावाच्या क्रियेचा वेग मोजण्यासाठी ही युक्ती जगभर वापरली जाते.

हळदीची अडचण

येथे सांगलीची हळद पुन्हा चर्चेत येते. हळदीतील पिवळे द्रव्य म्हणजे कुर्क्युमिन. त्याच्या औषधी गुणांवर देशोदेशी विपुल संशोधन झाले असून ऑटोफॅजीवर त्याचा काय परिणाम होतो, हाही त्यातील एक विषय आहे. कुर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषते, पण त्याच्या शोषणाचा उतार निळ्या रंगात पुढेपर्यंत पोहोचतो. त्याचे उत्सर्जन साधारण ५०० ते ५५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात पडते. हिरव्या प्रथिनासाठी बसवलेला फिल्टर नेमका हाच पट्टा पुढे पाठवितो.

म्हणजेच वर सांगितलेल्या प्रयोगात पेशींना कुर्क्युमिन दिले आणि त्यातील थोडे पेशीच्या पटलांत, पिशव्यांत साठून राहिले, तर हिरवा रंग मावळलाच नाही असे दिसेल. पेशीची पचनक्रिया अडली, असा निष्कर्ष संशोधक काढेल. प्रत्यक्षात दिसलेला हिरवा प्रथिनाचा नसून हळदीचा असेल. कॅमेऱ्याला दोन्ही हिरवे सारखेच. कुर्क्युमिनची स्वतःची प्रतिदीप्ती, त्याचे अस्थैर्य आणि अनेक चाचण्यांत ढवळाढवळ करण्याची प्रवृत्ती यांमुळे त्याच्याविषयीचे निष्कर्ष सावधगिरीने पारखले पाहिजेत, असा इशारा औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकातील समीक्षालेखाने २०१७ मध्ये दिला होता. ज्या जिल्ह्याची ओळख हळदीशी जोडली आहे, तेथे हा इशारा केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही. हळदीच्या गुणांविषयीचा प्रत्येक दावा अखेर कोणत्या ना कोणत्या मोजमापावर उभा असतो. मोजमाप कच्चे निघाले, तर दाव्यावर विसंबलेला रुग्ण फसतो आणि पिकाची पतही कमी होते.

यावर उपाय आहेत व ते अवघडही नाहीत. पहिला उपाय म्हणजे प्रथिन नसलेल्या साध्या पेशींना तेवढेच कुर्क्युमिन देऊन त्या हिरव्या दिसतात का ते पाहणे. दुसरा उपाय म्हणजे रंग बदलणे. एमस्कार्लेट किंवा एमचेरी उजळण्यासाठी वापरला जाणारा ५६१ नॅनोमीटरचा लेसर कुर्क्युमिनला जवळजवळ स्पर्शही करीत नाही. तिसरा उपाय वेळेचा. ईजीएफपी शोषलेला प्रकाश परत देण्यास सरासरी सुमारे २.६ नॅनोसेकंद घेते, तर कुर्क्युमिन बहुधा एका नॅनोसेकंदाच्या आतच मोकळे होते. हा फरक मोजणारी उपकरणे दोन हिरव्यांना वेगळे करू शकतात. मात्र ती महाग असतात.

पानांचा तांबडा

साताऱ्याकडील वनस्पतींच्या अभ्यासकाला दुसरीच अडचण येते. २०१२ मध्ये जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातील कास पठारावरची वनस्पती असो वा कृष्णाकाठचा ऊस, पानातील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून तांबडी प्रतिदीप्ती देते. तिचा मुख्य भर ६८५ नॅनोमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे हळदीच्या बाबतीत सुरक्षित ठरलेले तांबडे प्रथिन पानात मात्र जपून वापरावे लागते. एमचेरीचा ६१० चा प्रकाश टिपायचा, तर ६५० च्या पुढचे सारे काही अडविणारा फिल्टर हवा. हिरवे प्रथिन हरितद्रव्यापासून दूर असले, तरी खोडाच्या कठीण पेशीभित्तिका निळ्या-हिरव्या पट्ट्यात चमकतात, हेही विसरून चालत नाही.

प्राण्यांच्या शरीरात खोलवर पाहायचे असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश गिळून टाकते. ६५० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश मात्र ऊतींमधून बराच आरपार जातो. म्हणून २०११ मध्ये जीवाणूच्या प्रथिनापासून घडविलेले आयआरएफपी वापरले जाते. ते ६९० ला घेते आणि ७१३ ला देते. त्याची तेजस्विता ६ च्या आसपास, म्हणजे ईजीएफपीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. तरीही उंदराच्या यकृतातील पेशी बाहेरून पाहायच्या असतील, तर १४८ गुणांच्या हिरव्यापेक्षा ६ गुणांचे हे प्रथिनच अधिक कामाला येते.

निवड कशी करावी?

दोन गोष्टी एकाच वेळी पाहायच्या असतील तर रंगांमधील अंतर महत्त्वाचे ठरते. ईजीएफपी आणि व्हीनस यांच्या उत्सर्जनात केवळ २१ नॅनोमीटरचे अंतर असल्याने साध्या फिल्टरने ते वेगळे काढणे कठीण जाते. ईजीएफपी आणि एमचेरी यांच्यात १०३ नॅनोमीटरचे अंतर आहे. ही जोडी वर्षानुवर्षे टिकून राहिली त्याचे एक कारण हेच होय.

तेव्हा कोणतेही प्रथिन मागविण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःला काही प्रश्न विचारले पाहिजेत. आपल्या सूक्ष्मदर्शकावर कोणता दिवा आणि कोणते फिल्टर आहेत? नमुन्यात आधीपासून चमकणारे काय आहे? चित्रण क्षणाचे आहे की तासाचे? प्रथिन जेथे जाणार तेथील सामू किती? आणि ते एकटे राहणारे आहे का? प्रत्येक प्रथिनाचे हे आकडे 'एफपीबेस' या सर्वांना खुल्या असलेल्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. सातारा, कऱ्हाड, सांगली किंवा मिरजेच्या महाविद्यालयात बसलेल्या विद्यार्थ्याला त्यासाठी महागड्या नियतकालिकांची वर्गणी भरण्याची आवश्यकता नाही.

मात्र संकेतस्थळावरचे आकडे शुद्ध केलेल्या प्रथिनाचे, ठरावीक सामूला मोजलेले असतात. पेशीतील प्रथिन त्या आकड्यांशी तंतोतंत जुळेलच असे नाही. म्हणून आपल्याच नमुन्यावर, प्रथिनासह आणि प्रथिनाविना, एकदा तुलना करून पाहण्याला पर्याय नाही. हळद देऊन पण जनुक न घालता ठेवलेली पेशींची एक ताटली एवढाच त्याचा खर्च असतो. अंधाऱ्या खोलीत तीही हिरवी उजळली, तर पुढचे सारे निष्कर्ष बाजूला ठेवून प्रयोगाची मांडणी बदलणे हेच शहाणपणाचे ठरेल.

- प्रतिनिधी